तांब्यातलं तांबं: एकाच धातूला धरणारा रेणू कसा घडवायचा

"मॅडम, तांबं घातलंच नाही, तरी कुपी गुलाबी झाली."

प्रोजेक्टचा विद्यार्थी काचेची कुपी माझ्या नाकापुढे धरून उभा होता. आमचा रेणू एरवी रंगहीन असतो आणि तांब्याचा आयन धरला की गुलाबी होतो. डिस्टिल्ड पाण्यात तीन आठवडे तो अगदी गुणी बाळासारखा वागला. मग मुलांनी त्यात कॉलेजच्या नळाचं पाणी घातलं आणि पाच मिनिटांत बिंग फुटलं. कारण काय होतं ते पुढे येईल. तेव्हापासून मी मुलांना उलट्या टोकाकडून कामाला लावते. तांब्याला काय आवडतं हा प्रश्न नंतरचा. या पाण्यात आणखी कोण कोण आहे आणि त्यातल्या प्रत्येकाला आपला रेणू कोणत्या कारणानं नाकारणार, ते आधी लिहून काढायचं.

हा लेख एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण एकच घेते: तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात तांबं किती उतरलं, हे रंगावरून सांगणारा रेणू. पारा, शिसं, जस्त वाटेत भेटतील तेवढे भेटतील.

आधी पाणी, मग रेणू

वहीच्या पहिल्या पानावर रेणूचं चित्र काढू नका, आकडे लिहा. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत, तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. रेणूला मिलिग्रॅम कळत नाहीत, म्हणून याचे मोलर, म्हणजे लिटरला किती मोल ते, करा: ०.७९ आणि साधारण २३.६ मायक्रोमोलर. म्हणजे आपल्या सेन्सरनं १ ते २५ मायक्रोमोलर या पट्ट्यात बोलायला हवं. त्याच मानकात शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ४८ नॅनोमोलर. पाऱ्याची ०.००१ मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम ५ नॅनोमोलर. कॉलेजच्या कलरिमीटरला ५ नॅनोमोलर दिसणं अशक्य. पहिल्याच प्रोजेक्टला पारा घेऊन येणाऱ्या मुलांना मी हे गणित करायला लावते, मग ती आपणहून तांब्याकडे वळतात.

आता बाकीची मंडळी. मुंबईचं पाणी सात तलावांतून येतं: भातसा, तानसा, मोडकसागर, अप्पर आणि मध्य वैतरणा, विहार, तुळशी. तलावाचं पाणी बोअरवेलच्या मानानं मऊ, पण सोसायटीत टँकर आला की त्याच नळाला कदाचित बोअरचं पाणी येतं. त्यामुळे यादीत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हवेतच. सोडियम, पोटॅशियमही आले. जुन्या इमारतीतल्या गंजक्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपातून लोखंड आणि जस्त येतं. पाणी निवळवायला तुरटीसारखे क्षार वापरतात, म्हणून अ‍ॅल्युमिनियम लिहा. आणि क्लोरीन. आमच्या यादीत तो नव्हता, कारण तो धातू नाही!

समजा कॅल्शियम लिटरला २० मिलिग्रॅम आहे, म्हणजे ५०० मायक्रोमोलर, आणि तांबं १ मायक्रोमोलर. कॅल्शियममुळे येणारा खोटा रंग तांब्याच्या रंगाच्या एक टक्क्याच्या आत ठेवायचा असेल, तर तांब्याचा स्थिरतांक, म्हणजे पकड किती घट्ट ते सांगणारा आकडा, कॅल्शियमच्या किमान ५०,००० पट हवा. लॉगमध्ये ४.७ चा फरक. हा आकडा भिंतीवर चिकटवा. "आमचा रेणू सिलेक्टिव्ह आहे" या वाक्याला त्याशिवाय अर्थ नाही. आणि हे उत्तर पाण्यागणिक बदलतं. ठाण्याच्या खाडीचं खारं पाणी घेतलंत तर समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमच १० मिलिमोलरच्या आसपास, मॅग्नेशियम ५० च्या आणि सोडियम जवळजवळ अर्धा मोलर. तिथे ५०,००० पट पुरत नाही.

नकाराची कारणं

मुलांचा आवडता लिगँड, म्हणजे धातूला धरणारा रेणू, ईडीटीए, कारण टायट्रेशनमध्ये तोच भेटलेला असतो. त्याचे लॉग स्थिरतांक पाहा: तांबं १८.८, शिसं १८.०, जस्त १६.५, कॅल्शियम १०.७. धरतो जबरदस्त, पण धरतो सगळ्यांनाच. तांबं आणि शिसं यांच्यात त्याच्या लेखी एकाच्या आतला फरक. सहा दात (धातूला धरणारे अणू), लवचिक सांगाडा, कोणीही या. घट्ट धरणं सोपं आहे. नेमकं सोडणं अवघड.

नाकारायची हत्यारं मुख्यतः तीन.

पहिलं, दात्या अणूची जात. १९६३ मध्ये राल्फ पीअरसन यांनी मांडलेलं कठीण-मऊ आम्लांचं तत्त्व तुम्हाला तोंडपाठ असेल: कॅल्शियम, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम यांना ऑक्सिजन आवडतो, पारा आणि चांदी गंधकामागे धावतात, तांबं-जस्त-शिसं मधले. म्हणून पाऱ्याचा सेन्सर हवा असेल तर गंधक घाला. तांब्याचा हवा असेल तर गंधक मुद्दाम टाळा, नाहीतर पारा दारात उभा राहील. तांब्यासाठी नायट्रोजन हवा, आणि त्याचं कारण १९५३ च्या आयर्विंग-विल्यम्स क्रमात आहे: शेजारच्या धातूंत तांब्याची पकड सगळ्यांत घट्ट. नुसत्या एथिलिनडायअमीनचा पहिला लॉग स्थिरतांक निकेलला साधारण ७.४, तांब्याला १०.५ आणि जस्ताला ५.७. तांबं आणि जस्त आकारानं जवळजवळ जुळे, त्रिज्या ०.७३ आणि ०.७४ अँगस्ट्रॉम, तरी फरक जवळजवळ पाच लॉगचा. नायट्रोजनवर तांब्याला ही आयती आघाडी मिळते. तांब्यापासून सुरुवात करा म्हणते ते याचसाठी.

दुसरं हत्यार आकार, आणि इथे लोक हमखास घसरतात. क्राऊन ईथरची, म्हणजे धातूला मधल्या भोकात बसवणाऱ्या कड्यासारख्या रेणूची, गोष्ट सगळ्यांना माहीत असते: ड्यूपाँटमध्ये चार्ल्स पेडरसन भलतंच संयुग बनवत होते, एका अशुद्धीमुळे ०.४ टक्के एवढे स्फटिक मिळाले, ते त्यांनी फेकले नाहीत, १९६७ मध्ये प्रसिद्ध केले आणि १९८७ चं नोबेल क्रॅम आणि लेन यांच्यासोबत मिळालं. १८-क्राऊन-६ चं भोक २.६ ते ३.२ अँगस्ट्रॉम, पोटॅशियमचा व्यास २.७६, म्हणून तो बसतो. खरं आहे. पण मिथेनॉलमध्ये पोटॅशियमचा लॉग स्थिरतांक ६ च्या आसपास, पाण्यात तोच २ वर येतो. आयनाभोवतीचं पाणी सोडवायची किंमत कोणीतरी मोजावी लागते. शिवाय लवचिक कडं दुमडून सोडियमलाही थोडंफार सामावतं. भोकाचं माप म्हणजे पूर्ण उत्तर नव्हे.

माझ्या मते रोजच्या कामात कड्याच्या भोकापेक्षा कीलेट-वलयाचा आकार जास्त उपयोगी पडतो. धातूला धरून पाच सदस्यांचं वलय झालं की मोठा आयन खूश, सहाचं झालं की लहान. रॉबर्ट हॅनकॉक यांनी हे आग्रहानं मांडलं. पाचच्या वलयाला धातू-नायट्रोजन अंतर २.५ अँगस्ट्रॉमच्या आसपास सोयीचं, सहाच्या वलयाला १.६ च्या. एक कार्बन वाढवला की कॅडमियम किंवा शिशाची पकड ढिली होते आणि लहान आयनाचं तुलनेनं कमी बिघडतं. जस्त आणि कॅडमियम वेगळे करायचे असतील तर पहिला प्रयोग हाच करा.

तिसरं हत्यार भूमिती. तांब्याचा द्विधन आयन डी-९, म्हणजे डी-कक्षांत नऊ इलेक्ट्रॉन. त्याला एका पातळीत चार घट्ट बंध हवेत, वर-खाली दोन सैल चालतात. म्हणून त्याला सपाट, ताठ, तीन-चार दातांचा लिगँड द्या. जस्ताला चौकोनी सपाटपणाचं कौतुक नाही. कॅल्शियमला सहा-आठ ऑक्सिजनांचा घोळका लागतो, तीन दातांवर त्याचं भागत नाही.

राहिले अ‍ॅल्युमिनियम आणि त्रिधन लोखंड. हे खरे त्रासदायक, कारण फिनॉलचा ऑक्सिजन त्यांनाही प्रिय. त्यांना रचनेतून नाकारायच्या भानगडीत पडू नका, बाहेरूनच अडवा: पीएच ७ ला लोखंड बहुतेक गाळात बसतं आणि चिमूटभर सोडियम फ्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला गुंतवून ठेवतं. याला कोणी पळवाट म्हणेल. म्हणू द्या.

रंग कुठून आणायचा

धरणारा भाग झाला, आता सांगणारा भाग. चमक वाढवणारे सेन्सर दिसायला झकास. बहुतेकांची कल्पना अशी: नायट्रोजनचं एकाकी इलेक्ट्रॉन-युग्म शेजारच्या रंगद्रव्याची चमक मारतं, धातूनं ते युग्म घेतलं की चमक परत येते. जस्तासाठी हे छान चालतं. तांब्याच्या बाबतीत मात्र दगा होतो, कारण डी-९ मधला विषम इलेक्ट्रॉन स्वतःच चमक विझवतो. मग मुलं विझणाराच सेन्सर बनवतात आणि सांगतात, तांबं आलं की दिवा गेला. पण दिवा कशानंही जातो! रंगद्रव्य उन्हात मेलं, गाळ बसला, क्युवेटवर (मोजायच्या पारदर्शक नळीवर) बोटाचा ठसा उमटला, सगळ्यांचं उत्तर एकच. मला विझणारे सेन्सर पटत नाहीत.

म्हणून आम्ही ऱ्होडामाइन घेतलं. हो, बुढ्ढी के बाल गडद गुलाबी करायला बेकायदा वापरतात तेच. ऱ्होडामाइनचं एक वलय बंद असेल तर रेणू रंगहीन, उघडलं की ५५५ नॅनोमीटरच्या आसपास शोषण आणि भडक गुलाबी. ऱ्होडामाइन-बी हायड्राझाइड तांब्यासाठी वापरल्याचं काम १९९७ मध्ये आलं. त्यात तांबं बंध कायमचा तोडतं, म्हणजे रेणू एकदाच पेटणारी काडी. परत बंद होणारा हवा असेल तर हायड्राझाइडला सॅलिसिलाल्डिहाइड जोडा. आता फिनॉलचा ऑक्सिजन, मधला नायट्रोजन आणि कार्बोनिलचा ऑक्सिजन असे तीन दात एका पातळीत येतात. एका बाजूला सहाचं वलय, दुसऱ्या बाजूला पाचचं. वरची यादी काढून ताडून बघा: गंधक नाही, सांगाडा सपाट, दात तीनच.

संगणकावर रचना बघायची असेल तर अ‍ॅव्होगॅड्रो आणि ऑर्का ही सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतात. एकच सूचना. निर्वात पोकळीतली बंधऊर्जा छापू नका. द्विधन आयन पोकळीत कशालाही चिकटतो. अदलाबदल मोजा: जस्त धरलेल्या रेणूत तांबं आलं तर काय होतं, तेही द्रावकासकट.

बनवताना

हायड्राझिन हायड्रेट विषारी आहे, कर्करोगाचा संशय असलेलं आहे, त्वचेतूनही शरीरात जातं. फ्यूम हूड चालत नसेल तर त्या दिवशी काम बंद.

ऱ्होडामाइन-बी १.२ ग्रॅम ३० मिलि इथेनॉलमध्ये विरघळवा, ढवळत ढवळत ३ मिलि हायड्राझिन हायड्रेट थेंबाथेंबानं सोडा आणि दोन तास रिफ्लक्स करा. इथे घड्याळापेक्षा रंगाकडे बघा. गडद जांभळं द्रावण हळूहळू फिकट नारिंगी होतं. तो फिकेपणा म्हणजे वलय मिटल्याची खूण. गार झाल्यावर इथेनॉल उडवा. उरलेल्या चिकट्यात १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, पुन्हा लालभडक होईल. आता १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सावकाश, पीएच ९ ते १० येईपर्यंत. घाई केली की गाळाऐवजी गोळा होतो आणि त्यात लाल रंग अडकून बसतो. फिकट गुलाबी गाळ गाळून पाण्यानं भरपूर धुवा.

हे हायड्राझाइड ०.४६ ग्रॅम आणि सॅलिसिलाल्डिहाइड ०.१५ ग्रॅम इथेनॉलमध्ये सहा तास रिफ्लक्स केलं की पदार्थ बहुधा आपणहून खाली बसतो. रेणूभार ५६०.७, म्हणून मास स्पेक्ट्रममध्ये ५६१ शोधा. कार्बन-एनएमआरमध्ये ६६ पीपीएमच्या आसपासची एकटी रेघ म्हणजे मिटलेल्या वलयाचा कार्बन. ती नसेल तर पुढे जाऊ नका. प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेलं ऱ्होडामाइन आधी टीएलसीवर, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या पातळ थरावर, चालवून बघा. माझ्याकडे एकदा एका डब्यात तीन ठिपके निघाले होते.

तपासताना

धातूचे क्षार जुलैत वजन करणं हा मुंबईतला वेगळाच तमाशा. झिंक परक्लोरेटची बाटली उघडली आणि चमचा आत घालेपर्यंत पूड ओली झाली. तराजूचा आकडा डोळ्यांदेखत चढत होता. त्या स्टॉकवर काढलेला जस्ताचा आलेख आम्ही नंतर फाडला. परक्लोरेट सेंद्रिय लिगँडसोबत सुकवले तर फुटूही शकतात, तेव्हा नायट्रेट किंवा सल्फेट घ्या. तांब्यासाठी साधं मोरचूद उत्तम: २४९.७ मिलिग्रॅम १०० मिलि पाण्यात म्हणजे १० मिलिमोलर. तरीही प्रत्येक स्टॉक ईडीटीएनं टायट्रेट करून खरा आकडा बाटलीवर लिहा.

रेणूचा स्टॉक: ५.६ मिलिग्रॅम १० मिलि अ‍ॅसिटोनायट्रिलमध्ये, म्हणजे १ मिलिमोलर. मोजताना १० मायक्रोमोलर, पाणी आणि अ‍ॅसिटोनायट्रिल निम्मं-निम्मं. बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) निवडताना तोही लिगँड असतो हे विसरू नका. फॉस्फेट शिशाला गाळात बसवतं, ट्रिस तांब्याला पकडतं. त्यातल्या त्यात हेपीस बरं, पीएच ७. पाचच्या खाली गेलात तर आम्लानंच वलय उघडतं आणि तांबं नसतानाही गुलाबी होतं. शिशावर काम करत असाल तर काचेऐवजी पॉलिप्रोपिलिनच्या नळ्या घ्या, कारण इतक्या विरळ द्रावणात शिसं काचेच्या भिंतीला चिकटतं.

आता स्पर्धा. प्रत्येक आयन वेगळा घालून सुंदर स्तंभालेख काढणं म्हणजे पोरीला एकेक स्थळ वेगवेगळं दाखवण्यासारखं. खरी परीक्षा सगळे एका मांडवात असताना. तांबं ५ मायक्रोमोलर ठेवा, जस्त, निकेल, शिसं, लोखंड दहापट आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम नळाला असतील तेवढे, म्हणजे शंभर-हजारपट घाला. तांब्याचा रंग किती हलला ते लिहा. रंग वाढला तर घुसखोर, घटला तर दात कोणीतरी आधीच अडवलेत. दोन्ही वेगळे आजार.

एका धातूला किती रेणू हे प्रमाण काढायला जॉब प्लॉट सगळे काढतात. दोन प्रकारचे संकुल एकाच वेळी बनत असतील तर तो बिनदिक्कत चुकीचं उत्तर देतो, म्हणून मास स्पेक्ट्रमची जोड द्या. स्थिरतांकासाठी बेनेसी-हिल्डेब्रँडची सरळ रेघ काढायची घाई नको. मोकळा धातू म्हणजेच घातलेला धातू, हे ती रेघ गृहीत धरते. पकड घट्ट असेल तर घातलेला बराचसा धातू रेणूनं गिळलेला असतो. वक्र तसाच ठेवून वर्गसमीकरणानं बसवा, स्प्रेडशीटमध्येही जमतं.

शोधमर्यादा म्हणजे ब्लँकच्या (तांबं नसलेल्या नमुन्याच्या) प्रमाणित विचलनाची तिप्पट भागिले चढ. ब्लँक किमान दहा वेळा आणि दर वेळी नव्यानं भरलेला. एकच क्युवेट दहादा वाचलात तर तुम्ही यंत्राची स्थिरता मोजली, पद्धतीची नव्हे. शेवटी गुलाबी क्युवेटमध्ये ईडीटीए घाला. रंग उतरला तर पकड परतीची. नाही उतरला तर बंध तुटलाय किंवा ऑक्सिडेशन झालंय. धातूंचं टाकाऊ पाणी बेसिनमध्ये नको, नाव लिहिलेल्या वेगळ्या कॅनमध्ये.

नळाचं पाणी

ईडीटीएनंच आमचा चोर पकडला. ती गुलाबी कुपी ईडीटीए घालून ढिम्म हलेना. म्हणजे धातू नव्हताच. नळातल्या उरलेल्या क्लोरीननं, खरं तर हायपोक्लोराइटनं, रेणूचा हायड्राझाइड भाग ऑक्सिडाइझ करून वलय उघडलं होतं. एका मुलीनं लगेच थायोसल्फेट घालून क्लोरीन मारला आणि कुपी रंगहीन राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तिनं त्यात मोरचुदाचं द्रावण घातलं, तरीही कुपी जवळजवळ रंगहीनच! थायोसल्फेट तांब्याला एकधन करून स्वतःच बांधून ठेवतं. आता आम्ही पाणी दहा मिनिटं उकळतो, गार करून डिस्टिल्ड पाण्यानं मूळ मापाला आणतो, स्टार्च-आयोडाइड कागद निळा होत नाही ना बघतो आणि मगच ते तांब्यात ओततो. तांब्यात ओतल्यावर नाही, आधी.

पडताळ्याला दुसरी पद्धत लागतेच. पवईच्या आयआयटीतली उपकरण-सुविधा पैसे भरून बाहेरच्यांचे नमुने आयसीपीवर, म्हणजे धातू मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून देते. दहा नमुने दोन्ही पद्धतींनी मोजा आणि जिथे जुळत नाही तिथला नमुना फेकू नका. बहुधा त्यात सेंद्रिय काहीतरी असतं, ज्यानं तांबं धरून ठेवलंय. आयसीपी एकूण तांबं मोजते, आपला रेणू फक्त सुटं.

कागदाची पट्टी करायची तर गाळणकागद रेणूच्या द्रावणात बुडवून सावलीत वाळवा आणि सिलिका जेलसोबत हवाबंद ठेवा. मुलांनी पट्ट्या घरी नेल्या तेव्हा एकाच्या आजीनं तांब्याच्या पेल्यात लिंबूपाणी करून त्यात पट्टी बुडवली, भडक गुलाबी. "बघा, किती तांबं उतरलं." मग तिनंच स्टीलच्या पेल्यातल्या लिंबूपाण्यात दुसरी बुडवली, तीही तितकीच गुलाबी. आम्लानं वलय उघडलं होतं आणि उतरलेलं तांबं सायट्रेटनं आधीच बगलेत मारलं होतं. आता प्रत्येक पट्टी हेपीसमध्ये भिजवून वाळवलेली असते आणि पाकिटात दोन कोऱ्या पट्ट्या जास्तीच्या जातात: एक उकळलेल्या साध्या पाण्यासाठी, एक त्याच पेयाच्या स्टीलमधल्या नमुन्यासाठी.